फ्रेशआरएसएस: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फ्रेशआरएसएस हा फीड वाचण्याचा प्रोग्रॅम मी आठ महिने वापरते आहे. मी अनुवादाची कामे करते. बँकिंग आणि विज्ञान या दोन विषयांतले मजकूर बहुतेक करून हाती येतात आणि त्यांतल्या संज्ञांशी ओळख ताजी राहावी म्हणून रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचना, अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या संग्रहाचे दोन विभाग, मराठी विकिपीडियावरील काही पानांचे बदल आणि पन्नासेक मराठी ब्लॉग अशा एकूण 137 फीड मी नेमाने वाचते. फीड म्हणजे संकेतस्थळ आपले नवे लेख ज्या यादीतून आपोआप पुरवते ती यादी, आणि अशा अनेक फीड एकत्र दाखवतो तो फीड रीडर. गेल्या जूनमध्ये, चार वर्षे वापरात असलेल्या एका ऑनलाइन फीड रीडरने विनामूल्य खात्याची मर्यादा शंभर फीडवर आणली. पैसे भरायची माझी तयारी होती. पण त्या निमित्ताने निर्यातीची फाइल उतरवून पाहिली, तेव्हा तीत फक्त फीडचे पत्ते निघाले. सहाशेच्या आसपास लेखांना मी लावलेल्या ताऱ्यांचा त्या फाइलीत मागमूसही नव्हता. चार वर्षांची निवड माझी होती, पण ती माझ्या हातात नव्हती.

हे काही नवीन नाही. गूगल रीडर बंद होणार असल्याचे 13 मार्च 2013 रोजी जाहीर झाले आणि त्याच वर्षी 1 जुलैला ते बंद झाले, तेव्हाही लोकांची अशीच धावपळ उडाली होती. फरक इतकाच, की त्या वेळी फीडच्या यादीबरोबर तारांकित लेखांची वेगळी फाइलही उतरवून घेता येत होती. मासिक बंद पडले तरी वर्गणीदाराच्या माळ्यावरचे जुने अंक कोणी उचलून नेत नाही. फीडच्या बाबतीत मात्र अंक दुसऱ्याच्याच माळ्यावर असतात, हे त्या जूनमध्ये मला नीट उमगले.

म्हणून नवा रीडर शोधताना दिसण्याकडे, वेगाकडे आणि किमतीकडे नंतर पाहायचे ठरवले आणि आधी एकच प्रश्न विचारला: उद्या इथून निघायचे झाले तर बरोबर काय नेता येईल? नेण्याजोग्या गोष्टी तीन. पहिली म्हणजे फीडची यादी आणि तिची वर्गवारी, दुसरी म्हणजे वाचले-न वाचले, तारा, लेबल अशा माझ्या खुणा आणि तिसरी म्हणजे प्रत्यक्ष लेखांचा मजकूर. ओपीएमएल नावाची जी फाइल जवळजवळ प्रत्येक रीडर देतो, ती फक्त पहिली गोष्ट सांभाळते. जाहिरातीत ‘निर्यातीची सोय आहे’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

फ्रेशआरएसएसवर येण्यापूर्वी दोन रीडर प्रत्येकी पंधरा दिवस वापरले. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये फीडही वाचता येतात आणि त्यांतले लेख ईमेलप्रमाणेच साध्या मजकुराच्या फाइलींत साठतात. अशी फाइल वीस वर्षांनीही कोणत्याही एडिटरमध्ये उघडेल, याहून टिकाऊ सोय नाही. परंतु ते सारे एका संगणकावर राहते आणि मी निम्मे वाचन फोनवर करते. न्यूजबोट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून काम करायच्या खिडकीत, चालणारा रीडर शिस्तीच्या दृष्टीने मला सर्वांत आवडला. त्याची यादी म्हणजे एका ओळीत एक पत्ता आणि त्यापुढे हवी तितकी लेबले असलेली साधी फाइल, त्यामुळे एकच फीड ‘शेती’ आणि ‘विदर्भ’ अशा दोन्ही ठिकाणी ठेवता येते. माझ्या टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरे फुटून दिसत आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढत. दिवसभर मराठी वाचणाऱ्या माणसाला हे सोसवत नाही, म्हणून नाइलाजाने ते सोडले.

फ्रेशआरएसएस हा 2012 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला मुक्तस्रोत प्रकल्प आहे आणि तो आपल्याच यंत्रावर बसवायचा असतो. माझ्या भाच्याने घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर, डॉकर या प्रोग्रॅम बसवणे सोपे करणाऱ्या साधनाच्या साहाय्याने, एका संध्याकाळीत तो बसवून दिला. ज्यांना असा भाचा नाही, त्यांनी या कामासाठी एक पूर्ण रविवार बाजूला ठेवावा. डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलीत राहतो. आठ महिन्यांत ती 210 एमबीपर्यंत गेली आहे, म्हणजे एखाद्या छोट्या व्हिडिओएवढी. एसक्यूलाइटच्या फाइली उघडणाऱ्या कोणत्याही विनामूल्य साधनाने ती उघडली, की वर्ग, फीड, लेख आणि लेबले यांचे स्वतंत्र तक्ते दिसतात आणि लेखांच्या तक्त्यात शीर्षक, लेखक, दुवा, मजकूर, वाचले का, तारा आहे का, असे एकेक रकाने सरळ वाचता येतात. मी प्रोग्रॅमर नाही, तरी हा तक्ता मला समजला. डेटा सुव्यवस्थित असणे म्हणजे काय, याची माझी व्याख्या तेव्हापासून हीच आहे.

निर्यातीच्या पानावर फीडची यादी ओपीएमएलमध्ये, तर तारांकित आणि लेबल लावलेले लेख जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात मिळतात, तेही मजकुरासकट. ओपीएमएलच्या फाइलीत एक बारकावा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. काही संकेतस्थळे फीडमध्ये दोनच ओळी देतात. अशा फीडसाठी पानाच्या कोणत्या भागातून पूर्ण लेख उचलायचा, हे फ्रेशआरएसएसला सांगून ठेवता येते आणि ती सूचना निर्यात करताना त्या फीडच्या ओळीतच, वेगळ्या उपसर्गाखाली लिहिली जाते. दुसऱ्या रीडरला ती कळत नाही, पण तो ती वगळून पुढे जातो. पुन्हा फ्रेशआरएसएसमध्येच आणली, तर सूचना जागच्या जागी सापडते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ही यादी थंडरबर्डमध्ये उघडून पाहते. आतापर्यंत प्रत्येक वेळी 137 च्या 137 फीड आपापल्या वर्गात उतरल्या आहेत.

वर्गवारीत मात्र तडजोड करावी लागली. येथे वर्गाच्या आत वर्ग करता येत नाही आणि एक फीड एकाच वर्गात राहते. पूर्वी माझ्याकडे ‘मराठी’ या फोल्डरच्या पोटात भाषा, प्रवास, शेती असे कप्पे होते. ते मोडून ‘मराठी-भाषा’, ‘मराठी-शेती’ असे सपाट अकरा वर्ग केले. पहिला आठवडा चिडचिड झाली. पुढे लक्षात आले, की पूर्वीच्या तेवीस कप्प्यांपैकी आठांत प्रत्येकी एकच फीड होती आणि ते कप्पे मी कधी उघडतही नव्हते.

सप्टेंबरमध्ये एक चूक झाली आणि ती सर्वस्वी माझी होती. एका शेतीविषयक ब्लॉगने पत्ता बदलला, तेव्हा मी जुनी फीड काढून टाकली आणि नवा पत्ता नव्याने जोडला. फीड काढली की तिचे लेखही जातात, हे मला ठाऊक नव्हते. त्यांत तारा लावलेले 23 लेख होते. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीची फीड नेहमीच्या सेटिंगमध्ये ताजे दहाच लेख देते, त्यामुळे नव्या पत्त्यावरून दहाच परत आले आणि उरलेले त्या वाटेने येणे शक्यच नव्हते. सुदैवाने आदल्या रविवारची जेसन फाइल होती. ती साध्या एडिटरमध्ये उघडली, ब्लॉगचे नाव शोधले आणि सगळे 23 लेख शीर्षक, तारीख व मजकुरासह समोर आले. नवा पत्ता जुन्याच फीडच्या सेटिंगमध्ये बदलला असता, तर जुने लेख जागचे हललेही नसते.

त्यानंतर कुतूहल म्हणून लेखांची ओळख कशी ठरते ते पाहिले. प्रत्येक लेखाबरोबर एक ओळखखूण येते आणि ती बदलली की रीडर जुन्याच लेखाला नवा समजतो. ब्लॉगरवरील ब्लॉगांच्या खुणेत ब्लॉगचा व लेखाचा क्रमांक असतो, पत्ता नसतो. म्हणून ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर नेला तरी ती खूण तशीच राहते. वर्डप्रेसच्या खुणेत सहसा संकेतस्थळाचा पत्ताच असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ब्लॉगरवर सुरू झालेले कितीतरी मराठी ब्लॉग या बाबतीत, त्यांच्या लेखकांच्या नकळत, अधिक भक्कम आहेत.

जुने लेख किती काळ ठेवायचे, ही सेटिंग पहिल्याच दिवशी पाहावी. मुळातली मांडणी ठरावीक मुदतीनंतर जुने लेख काढून टाकते. तारांकित आणि लेबल लावलेले लेख ती राखते, पण संपूर्ण संग्रह हवा असेल तर मुदत आपणच वाढवावी लागते. मी ती मराठी वर्गांसाठी काढून टाकली आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनांसाठी वर्षभराची ठेवली आहे, कारण त्या बँकेच्या संकेतस्थळावर सापडतातच.

आता मराठी वाचकाला हमखास अडवणारी गोष्ट. ऑक्टोबरमध्ये ‘शेतकऱ्यांना’ असा शोध घेतला तेव्हा चौदा लेख आले, आणि आदल्याच दिवशी वाचलेला एक लेख त्यांत नव्हता. शीर्षकात तो शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरे सुटी करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक असतो. पडद्यावर ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ सारखेच दिसतात; शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यातच ‘शेतकरी’ शोधले तर सामान्यरूप झालेला कोणताही शब्द सापडत नाही. त्यावर मी काढलेला तोडगा असा, की दोन्ही लेखने ‘किंवा’ या अर्थाच्या खुणेने जोडून तो शोध नाव देऊन जतन केला आहे. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कचऱ्या’ अशा शब्दांसाठी असे नऊ शोध साठले आहेत.

फोनसाठी फ्रेशआरएसएसचे स्वतःचे ॲप नाही; गूगल रीडरच्या काळातील जोडणीची पद्धत हा प्रोग्रॅम अजून पाळतो, त्यामुळे अँड्रॉइडवर कॅपी रीडर आणि बहिणीच्या आयफोनवर नेटन्यूजवायर, दोन्ही जोडता आले. जोडणीसाठीचा पासवर्ड नेहमीच्या पासवर्डाहून निराळा ठेवावा लागतो, यावर माझा अर्धा तास गेला. घराबाहेरून वाचण्याची सोय हवी असेल तर थोडी अधिक मांडामांड लागते. वीज गेली की रास्पबेरी पाय बंद पडते आणि तेवढा वेळ फीड येत नाहीत. वीज परतली की उरलेले आपोआप गोळा होते, मात्र जी फीड मोजकेच ताजे लेख देते तिची लांबच्या खंडात गळती होऊ शकते. मी रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर घेतली आहे.

ज्यांच्या फीड वीस-पंचवीस आहेत आणि वाचून झालेल्या लेखाकडे जे पुन्हा वळत नाहीत, त्यांनी एवढा खटाटोप करू नये. त्यांना थंडरबर्ड पुरेल. माझ्या बाबतीत आठ महिन्यांत 412 लेखांना तारे लागले आहेत आणि परवाच्या रविवारी उतरवलेल्या फाइलीत मी ते मोजून पाहिले: 412.