झटक्यानंतर ठोके अनियमित निघाले: ॲसिट्रॉम घ्यावी की नवी गोळी?

पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, हातपाय बऱ्यापैकी सावरले आणि ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, निघालं. अशा वेळी गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लागते आणि घरच्यांसमोर दोन वाटा असतात. एक जुनी, वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रॉम. दुसरी नवी, म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्साबॅन यांपैकी एक. हा आढावा तेवढ्याच निवडीपुरता आहे. झटका मेंदूतल्या रक्तस्रावाने आला असेल, तर यातलं काहीही परस्पर लागू करू नका.

‘ॲस्पिरिन चालू आहे की’ असं म्हणणारे घरोघरी असतात. पण या आजारात गुठळी हृदयाच्या डाव्या कप्प्यात, साकळलेल्या रक्तात धरते आणि तिथे ॲस्पिरिन तोकडी पडते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, एकदा सौम्य झटका येऊन गेलेल्या अशा रुग्णांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण वर्षाला १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं, तेही वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांनी. ॲस्पिरिनचा फायदा त्यामानाने किरकोळ होता.

गोळी ठरवण्याआधी टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट उघडा. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर जुनीच गोळी. असे रुग्ण आपल्या देशात अजून पुष्कळ आहेत. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत संधिवाती हृदयरोगाच्या रुग्णांमध्ये रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. नवी आणि महाग म्हणून भारी, हा हिशोब इथे साफ चुकतो. धातूची कृत्रिम झडप बसवली असेल तरीही जुनीच.

झडपेचा प्रश्न नसेल, तर माझा कल सरळ नव्या गोळ्यांकडे आहे. ॲसिट्रॉम स्वस्त आहे, पण तिचा खरा खर्च चिठ्ठीवर दिसत नाही. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा म्हणजे वरचेवर रक्त तपासायचं, त्यासाठी तालुक्याला जायचं, सोबतीला एकाचा रोज बुडवायचा. डोसही ‘सोम-बुध-शुक्र दोन, बाकीचे दिवस तीन मिलिग्रॅम’ असा, आणि तो लक्षात ठेवणार कोण, तर झटक्याने विसराळू झालेला माणूस. पालेभाज्या बंद करायची गरज नसते, त्या रोज साधारण सारख्या लागतात. पण हिवाळ्यात मेथी-पालकाची रेलचेल आणि उन्हाळ्यात पानच दिसत नाही, अशा घरात आयएनआर हलतो. कुणी सुचवलेला काढा, दुखण्यावरची गोळी, एखादं अँटिबायोटिक यांनीही हलतो.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही आणि मेंदूतला रक्तस्राव त्यांच्याने जुन्या गोळ्यांपेक्षा कमी होतो. झटका येऊन गेलेल्या माणसासाठी हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू. २०११ च्या ‘ॲरिस्टॉटल’ चाचणीत वॉरफरिनच्या तुलनेत अपिक्साबॅनवर झटके २१ टक्क्यांनी आणि मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी होता.

या तिघींतही फरक आहे. रिव्हारोक्सॅबॅन दिवसातून एकदाच, पण पोटभर जेवणासोबत घ्यायची. एकादशीला राजगिऱ्याच्या लाडवावर घेतली तर ती नीट शोषली जाईलच असं नाही. डॅबिगॅट्रान दोनदा. तिची कॅप्सूल फोडायची नाही आणि ओलाव्याने ती बिघडते, म्हणून आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढून ठेवायची नाही. काहींना तिने पित्त खवळतं. ती मुख्यतः किडनीतून बाहेर जाते, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर नको. अपिक्साबॅनही दोनदा, पण किडनीवर तिचा भार कमी. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच डोस अर्धा होतो. ‘म्हातारं माणूस आहे, अर्धीच देऊ’ असं घरी ठरवणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला दार उघडं ठेवणं.

नव्या गोळ्यांची दुखरी बाजू अशी की असर दिवसाभरात ओसरतो. पेन्शन जमा व्हायची आहे म्हणून दोन दिवस गोळी राहिली, तर ते दोन दिवस संरक्षण नाही. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या येऊन भाव उतरले आहेत, तरी दरमहा तो खर्च झेपेल का, हे डॉक्टरांसमोर उघड बोला. झेपणार नसेल, तर नियमित घेतलेली ॲसिट्रॉम अर्धवट घेतलेल्या नव्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

आणि ज्यांची आधीपासून ॲसिट्रॉम चालू आहे, आयएनआर जागेवर आहे, वय पंचाहत्तरीपुढे आणि प्रकृती तोळामासा आहे, त्यांनी शेजारच्या काकांना नवी दिली म्हणून बदलायची घाई करू नये. नेदरलँड्समध्ये अशाच रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनीवरून नवीवर नेलेल्यांना रक्तस्राव जास्त झाला.