तीन भेगा, एक वर्ष: सांगलीतील एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या सेवेचा अनुभव

विश्रामबागमधील आमचे घर आजोबांनी १९७२ साली बांधले. चौदा इंची भाजक्या विटांच्या भिंती, त्यांवर थेट टेकलेला स्लॅब, कॉलम एकही नाही आणि १९९४ साली मागच्या बाजूला जोडलेले स्वयंपाकघर व न्हाणीघर, असे त्याचे स्वरूप आहे. गेल्या सात-आठ वर्षांत या घराला तीन ठिकाणी भेगा पडल्या आणि प्रत्येक दिवाळीला त्यांत लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडलेल्या पाहायच्या, हा आमचा रिवाज होऊन बसला. शेवटी मे २०२४ मध्ये एका निवृत्त प्राध्यापक स्नेह्यांच्या सांगण्यावरून मी ज्या स्ट्रक्चरल सल्लागारांना, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करणाऱ्या अभियंत्यांना, बोलावले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. कार्यालयात ते स्वतः आणि एक साहाय्यक अशी दोनच माणसे आहेत. जाहिरात ते करत नाहीत आणि आपले नाव येथे येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.

त्यांच्याआधी तीन जण येऊन गेले होते. आमच्या नेहमीच्या गवंड्याने गिलावा खराब झाल्याचे सांगितले, रंगाच्या ठेकेदाराने भेगांवर जाळी बसवून महागडी पुट्टी भरण्याचा आग्रह धरला आणि एका बांधकाम व्यावसायिकाने पंधरा मिनिटांत घर फिरून चारही कोपऱ्यांना नवीन कॉलम, पायाखाली काँक्रीट आणि साडेसहा लाखांचा अंदाज असे सगळे एका कागदावर लिहून दिले. नातेवाइकांचे निदान वेगळेच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून सांगलीत दार नीट लागत नसले तरी त्याचा दोष महापुराला देण्याची पद्धत आहे. आमच्या गल्लीत त्या पुराचे पाणी आलेच नव्हते, ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नव्हते. आईचे मत तर असे की दिवाणखान्याच्या पश्चिम भिंतीवर, स्लॅबच्या लगेच खाली गेलेली आडवी भेग ही कोयनेच्या भूकंपाची आहे.

सल्लागारांनी पहिल्या भेटीत भेगा पाहण्याआधी कागद मागितले: बांधकाम परवानगी, १९९४ च्या वाढीव बांधकामाचा नकाशा, अंगणात, गच्चीवर किंवा नळ-ड्रेनेजमध्ये कधी काय बदल केले याची यादी. परवानगीवरील साल पाहून ते आईला अतिशय नम्रपणे म्हणाले, “काकू, कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तुमची भेग त्याची असेल, तर ती घराच्या आधीची म्हणावी लागेल.” आई हसली, पण नंतरही धक्के बसलेच होते की, हे सांगायला ती विसरली नाही. ते त्यांनी मान्य केले आणि मग खुर्चीवर चढून तिला ती भेग दाखवली. स्लॅब आणि भिंत जेथे एकमेकांना भेटतात, अगदी त्याच रेषेत ती सरळ आडवी गेलेली होती आणि ज्या भिंतीवर दुपारभर ऊन असते त्याच भिंतीवर होती. काँक्रीटचा दहा मीटर लांबीचा स्लॅब वीस अंश तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो, विटांचे बांधकाम त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढते, आणि दिवसा पुढे सरकणारा व रात्री मागे येणारा तो स्लॅब खालच्या विटांचा थर आपल्याबरोबर ओढतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आमच्या गच्चीवर काळपट पडलेल्या डांबरी शीटच्या वॉटरप्रूफिंगचा थर होता. तो काढून पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा कोबा करावा आणि स्लॅबखालच्या गिलाव्यात मुद्दाम खाच ठेवावी, एवढाच उपाय त्यांनी सुचवला.

दुसऱ्या भेगेलाही त्यांनी फारसा वेळ दिला नाही. जुने घर आणि १९९४ चे स्वयंपाकघर यांच्या सांध्यात ती वरपासून खालपर्यंत उभी, एकाच जाडीची होती. त्यांनी छिन्नीने हातभर गिलावा काढला, तेव्हा दोन्ही भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतवलेल्याच नाहीत हे उघड दिसले. त्या वेळच्या गवंड्याने नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवून उभी केली होती. बावीस वर्षे आधी बसलेला पाया आणि नवा पाया एका चालीने बसणार नाहीत, त्यामुळे ही भेग बुजवण्याच्या मागे न लागता तिला सांधा म्हणूनच वागवावे, आत लवचिक सीलंट भरावे आणि वर ॲल्युमिनियमची पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवून दुसरी बाजू मोकळी सोडावी, असे त्यांनी सांगितले. इतकी वर्षे आम्ही त्या सांध्यात लांबी भरत आलो होतो.

खरा प्रश्न तिसऱ्या भेगेचा होता आणि या सेवेचे मोलही मला तेथेच कळले. नैऋत्येकडील खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून ती विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी घराच्या कोपऱ्याकडे चढत स्लॅबपर्यंत गेली होती; वर रुंद, खाली निमुळती आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी. त्यांनी पेन्सिलने भेगेला काटकोनात एक रेघ खाली ओढली आणि अशी रेघ बहुधा खचणाऱ्या जागेकडे बोट दाखवते, हा जुना ठोकताळा सांगितला. रेघ थेट घराच्या नैऋत्य कोपऱ्याच्या पायाकडे जात होती. मग त्यांनी भेगेच्या आत टॉर्च मारून मला पाहायला लावले. आतल्या बाजूला रंगाचे तीन वेगवेगळे थर, धूळ आणि कोळ्याचे जाळे होते; पण वरच्या टोकाला, शेवटच्या वीतभर भागात, विटेचा रंग ताजा लाल होता. म्हणजे भेग जुनी होती आणि अजून चालू होती. सर्वांत रुंद जागी माप ४.२ मिलिमीटर आले. भारतीय मानक ब्यूरोच्या भेगांविषयीच्या १९८४ च्या पुस्तिकेत दोन मिलिमीटरपुढची भेग रुंद धरलेली आहे, त्यामुळे मी घाबरलो आणि लगेच उपाय विचारला. त्यावर त्यांनी उपाय सांगण्यास चक्क नकार दिला आणि एक वर्षभर मापे घ्यावी लागतील असे सांगितले. त्या क्षणी हा माणूस आपले काम वाढवतो आहे अशी शंका माझ्या मनात आली होती, हे कबूल केले पाहिजे.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पट्टी फुटली की भेग हलते एवढे कळते, मात्र किती आणि कोणत्या दिशेने हे कळत नाही. त्यांनी भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी पितळेची तीन बटणे त्रिकोणात पक्की चिकटवली, प्रत्येक जोडीतील अंतर व्हर्नियर कॅलिपरने तीन-तीनदा मोजले आणि शेजारी भिंतीवर तारीख व तापमान लिहून ठेवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी, त्या कोपऱ्यालगत सहा फूट खोल खड्डा खणला. पाया जेमतेम साडेतीन फुटांवर आणि तोही काळ्या मातीतच टेकलेला निघाला; खड्ड्याच्या तळाशीसुद्धा मुरमाचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात, हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. परंतु तेच रान आपल्या पायाखाली आहे हे शहरात आल्यावर आपण विसरतो.

या मातीची चाचणी त्यांनी माझ्या विनंतीवरून घरातच, आमच्या डोळ्यांदेखत केली. खड्ड्यातील वाळवून कुटलेली माती बारीक चाळणीतून चाळली, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग केले, एक भाग रॉकेलच्या आणि दुसरा पाण्याच्या उंच मोजपात्रात टाकला, ढवळून बुडबुडे जाऊ दिले आणि दोन्ही पात्रे चोवीस तास कपाटावर ठेवून दिली. या मातीचे कण रॉकेलने फुगत नाहीत, पाण्याने फुगतात. दोन पातळ्यांमधील फरक हाच मातीच्या फुगवट्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरच्या रेघेवर आणि पाण्यात १७ च्या रेघेवर होती, म्हणजे फुगवटा ७० टक्के. माझी मुलगी त्या दोन पात्रांचे फोटो शाळेत घेऊन गेली.

पुढे मापांनी आपली गोष्ट आपणच सांगितली. मे २०२४ मध्ये ४.२ मिलिमीटर असलेली भेग सप्टेंबरमध्ये २.९ वर आली, फेब्रुवारीत ३.६ आणि मे २०२५ मध्ये ४.३ झाली. घर एकाच दिशेने खचत चालले असते तर भेग पावसाळ्यात मिटली नसती. येथे कोपरा उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात वर होत होता. मग हाच कोपरा का, याचे उत्तर आरंभी मागितलेल्या बदलांच्या यादीत सापडले. २०१६ साली मी अंगणात तीन बाजूंनी पेव्हिंग ब्लॉक बसवून घेतले, नैऋत्येचा भाग बदामाच्या झाडासाठी मोकळा ठेवला आणि त्याच कामात गच्चीचा पावसाळी पाइप सोयीसाठी त्या कोपऱ्याकडे वळवला. तीन बाजूंची माती झाकली जाऊन वर्षभर साधारण एकसारख्या ओलीत राहिली, चौथ्या कोपऱ्यातील ओल उन्हाळ्यात झाड ओढून घेई आणि पावसाळ्यात अख्ख्या गच्चीचे पाणी नेमके तेथेच ओतले जाई. भेग २०१७ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दिसली होती. कारण मीच पैसे मोजून बसवून घेतले होते.

झाड तडकाफडकी तोडू नये, त्याने माती एकदम फुगून कोपरा उलट उचलला जाऊ शकतो, हे त्यांनी बजावून सांगितले. फांद्या दोन टप्प्यांत कमी केल्या. पावसाळी पाइप बंद नळीतून रस्त्याकडेच्या गटारापर्यंत नेला आणि मोकळ्या बाजूला भिंतीलगत सहा फूट रुंद, खाली जाड प्लास्टिक अंथरलेला, बाहेर उतार असलेला पट्टा केला. पाइप, पट्टा, गच्चीचा कोबा आणि सांध्याची पट्टी मिळून एक लाख बारा हजार रुपये खर्च आला. सल्लागारांची फी अठ्ठावीस हजार होती.

तक्रारी आहेतच. खड्ड्याची मजुरी आणि तो बुजवण्याचा खर्च फीमध्ये धरलेला नाही, हे मला खड्डा खणल्यावर कळले. डिसेंबरचे माप घ्यायला कोणी आलेच नाही, फोनही दोन दिवस लागला नाही, आणि ते माप नसल्यामुळे थंडीत भेग कशी वागते हा भाग अहवालात रिकामा राहिला. अहवाल बावीस पानी आणि संपूर्ण इंग्रजीत आहे; तोंडी त्यांनी सर्व काही सुरेख मराठीत समजावले, तर तेच दोन पानांत मराठीत लिहून देणे कठीण नव्हते, कारण घराचा निर्णय बहुतेक ठिकाणी वडीलधारी माणसे घेतात. ज्यांना घर विकायचे आहे किंवा महिन्यावर लग्नकार्य आले आहे, त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये. येथे घाईचे काहीही मिळत नाही. उलट भिंत फुगलेली असेल, ओळंब्यातून बाहेर गेली असेल किंवा दर आठवड्याला भेग वाढत असेल, तर वर्षभर मापे घेत बसायचे नसते, त्याच दिवशी टेकू द्यावे लागतात, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

गेल्या सप्टेंबरमध्ये भेग ३.३ होती आणि या फेब्रुवारीत ३.५ भरली. मे महिन्याचे माप चारच्या आत राहिले तर विटांमधले सांधे खरवडून त्यांत सळया घालून ती कायमची शिवायची, असे ठरले आहे. तोवर त्या खोलीत गिलावा काढलेला पट्टा, तीन पितळी बटणे आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा तशाच आहेत. पाहुणे आले की आई त्यांना आधी ती भिंत दाखवते आणि ही भूकंपाची नव्हे, असे आवर्जून सांगते.