चिमणीचं घर: किटमधलं, पॅलेटच्या फळीचं की कुंभाराकडचं?

शाळेला सुट्ट्या लागल्या की ओळखीच्या दोन-तीन घरांतून हमखास विचारणा होते: लेकरासाठी ते पक्ष्याचं घर बनवायचं किट मागवू का, की सुताराकडून करून घेऊ? मी उलट विचारते, घर लेकराला पाहिजे की चिमणीला? कारण आमच्या परभणीच्या उन्हात ही दोन गिऱ्हाइकं अगदी निराळी आहेत.

माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता. तुळयांच्या फटी, देवळ्या, भिंतीवरच्या फोटोमागची जागा, चिमणी कुठंही काड्या खुपसायची आणि आजी रोज झाडून थकायची. स्लॅबच्या घरात बोट शिरेल एवढी फट राहिली नाही, म्हणून आता घर विकत आणायची वेळ.

आधी किट. मागच्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या भाचीसाठी एक मागवलं, साडेतीनशेला पडलं. डब्यात कापून ठेवलेले तुकडे, बारीक चुका, गोंदाची ट्यूब, सहा रंगांच्या डब्या, दोन ब्रश आणि टांगायला दोरी. भिंती खाचेत बसवणं तिला एकटीला जमलं. छपराला मात्र दोन माणसं लागतात, एकानं धरायचं, दुसऱ्यानं चिकटवायचं. तासाभरात घर उभं राहिलं; गोंद वाळायला रात्र गेली, आणि ती रात्र तिला ढकलता ढकलेना. रंगवण्यात दुसरा अख्खा दिवस. टीव्ही नाही, मोबाईल नाही. नुसतं एवढंच हवं असेल तर साडेतीनशे वसूल, पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण आम्ही ते बाहेर टांगलं. लाकूड म्हणून आलं होतं ते निघालं एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेली पाटी. मृगाच्या पहिल्याच पावसात तळ फुगून पापुद्रे सुटले. भोक एवढं मोठं की साळुंकीनं सहज डोकं घालून बघितलं. चिमण्यांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी घर थाटलं मीटरच्या पेटीमागं.

तेव्हा किट घेताना चित्र बघू नका, माहिती वाचा. पाईन किंवा प्लाय लिहिलेलं असावं. भोक साधारण 32 मिलिमीटरचं असेल तर चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. भोकाखाली बसायला दांडी दिलेली असते, ती लावूच नका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला आणि मांजराला होते. सगळ्यात मोठी अडचण जाडीची. बऱ्याच किटांतली फळी तीन-चार मिलिमीटरची असते, आणि पारा 42च्या वर गेला की असल्या पातळ घरात पिल्लं भाजून निघतील. असं घर व्हरांड्यात, कायम सावलीतच शोभतं.

दुसरा पर्याय माझ्या आवडीचा: जाड फळीचं घर. कारखान्यांतून निघालेल्या पॅलेटच्या, म्हणजे खाली माल रचायच्या लाकडी चौकटींच्या, पाईनच्या फळ्या भंगारवाल्याकडं किंवा लाकडाच्या वखारीत मिळतात. घेताना फळीवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, ती चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती नको. 15 मिलिमीटर जाडी पुरते. तळ आतून साधारण 12 बाय 12 सेंटिमीटर, भोक तळापासून 15 सेंटिमीटर वर. तळाला चार बारीक छिद्रं पाणी निघायला, छपराखाली दोन हवेला. भोकाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं आडव्या रेघा ओढा, पिल्लांना वर चढायला पाय रोवता येतो. एक बाजू उघडती ठेवा, नाहीतर पिल्लं उडाल्यावर जुन्या काड्या काढणार कशा? सुताराला हे सांगितलं की तो हसतो, पण करून देतो. कापाकापी त्याची, पॉलिश पेपर घासणं आणि स्क्रू पिळणं लेकराचं. स्क्रूच्या आधी गिरमिटानं भोक पाडा, नाहीतर फळी कडेला चिरते.

तिसरं, कुंभाराकडचं मडकं. भाजायच्या आधी भोक पाडून द्या म्हणायचं, बस्स. पावसात फुगत नाही, वाळवी लागत नाही. आतून साफ करणं मात्र कटकटीचं, आणि गावात वानरांची टोळी येत असेल तर मडक्याचं आयुष्य फार नाही. लेकराला इथं जोडायला काही नसतं, गेरू-चुन्यानं रंगवता तेवढं येतं.

आता रंग, कारण भांडण इथंच होतं. भाचीला छप्पर लाल पाहिजे होतं आणि भिंती जांभळ्या. गडद रंग ऊन ओढतो, म्हणून आमचा तह असा झाला: छप्पर पांढरं, भिंतींवर तिचं राज्य. किटमध्ये पोस्टर कलर असतील तर बाहेरच्या घरासाठी ते बाजूला ठेवा, पहिल्या सरीत ओघळतात. पाण्यात कालवायचे अॅक्रिलिक चालतात; दोन पातळ हात, मध्ये नीट वाळू द्यायचं. आतून आणि भोकाच्या कडेला रंग, वॉर्निश काहीही नाही. रंगवून झालं की निदान आठवडाभर हवेला ठेवा, वास जायला पाहिजे. चिमणीला फुलं काढलीत की वारली काढलीत, काही फरक पडत नाही.

घर कोणतंही घ्या, दोरीला झुलतं ठेवण्यापेक्षा आठ-दहा फुटांवर भिंतीला पक्कं करा, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. खोलीत किंवा व्हरांड्यात लावणार असाल तर पंखा किती लांब आहे ते आधी बघा. पंख्यात सापडलेली चिमणी लेकरानं बघू नये. अंडी घातली की साधारण 12 दिवस उबवणं आणि पुढं पंधरवडा पिल्लं आत, तेवढे दिवस झाकण उघडून डोकावणं बंद. आणि ज्वारी टाकली म्हणजे झालं असं नाही, पिल्लांना चिमणी किडे-अळ्याच भरवते. अंगणात एखादं झुडूप औषध न फवारता राहू द्या.

आठ-दहा वर्षांचं लेकरू, हाताशी हत्यारं नाहीत, सुट्टीचे दोन दिवस घालवायचेत, तर किट घ्या आणि सावलीत लावा. अंगणात भिंत आहे, सुतार ओळखीचा आहे, तर फळीचं. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, लावायचं तर मडकं. दोन्ही गिऱ्हाइकं खूश ठेवायची असतील तर आम्ही यंदा केलं तसं करा: किटमधले रंग आणि ब्रश घेतले, घर फळीचं केलं. एमडीएफच्या जुन्या घराचा तळ कापून टाकला, ते दारामागं अडकवलंय. त्यावर आता गाडीच्या किल्ल्या असतात.