चार कोटींची पर्स, तीन दावेदार: ड्रॅगफ्लिकर, मिडफिल्डर की गोलकीपर?

जळगाव, भुसावळ, धुळ्यात हॉकी पाहणारे मोजकेच, पण हॉकी इंडिया लीगच्या लिलावातले ‘हरमनप्रीतचे ७८ लाख जास्त झाले का’ हा विषय निघाला की एकही जण मागे हटत नाही. हा आढावा ज्यांना खरोखर निवड करायची आहे त्यांच्यासाठी आहे. एक, मित्रमंडळीत हॉकी इंडिया लीगच्या नियमांवर लुटुपुटीचा लिलाव मांडणारे. दोन, गावातल्या स्पर्धेसाठी बाहेरून एखादा खेळाडू आणायचा तर कोणता, या पेचात असलेले संघचालक. दोघांचं उत्तर एक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झालेल्या लिलावाचे नियम असे होते: पुरुष संघाला ४ कोटींची पर्स (खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम), २४ खेळाडू, त्यात किमान १६ भारतीय, परदेशी ८. बेस प्राइस १० लाख, ५ लाख आणि २ लाख. त्यातल्या काही बोल्या (ड्रॅगफ्लिक म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलकडे उडवणं):

| खेळाडू | काम | संघ | बोली |
|---|---|---|---|
| हरमनप्रीत सिंग | बचाव, ड्रॅगफ्लिक | सूरमा हॉकी क्लब | ७८ लाख |
| अभिषेक | आघाडी | बंगाल टायगर्स | ७२ लाख |
| हार्दिक सिंग | मधली फळी | यूपी रुद्राज | ७० लाख |
| गोंझालो पेइलाट (जर्मनी) | बचाव, ड्रॅगफ्लिक | हैदराबाद तुफान्स | ६८ लाख |
| जुगराज सिंग | बचाव, ड्रॅगफ्लिक | बंगाल टायगर्स | ४८ लाख |
| डेव्हिड हार्ट (आयर्लंड) | गोलकीपर | तामिळनाडू ड्रॅगन्स | ३२ लाख |
| सूरज करकेरा | गोलकीपर | टीम गोनासिका | २२ लाख |

रावेर-यावलकडे केळीचा बोर्डावरचा भाव एक आणि बागेत व्यापारी हातावर ठेवतो तो दुसरा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरचे आकडे बोर्डावरचे समजा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पर्स भरलेल्या असतात, नावाजलेले भारतीय आधी येतात आणि दोन संघ हट्टाला पेटले की दहा-पंधरा लाख सहज वर चढतात. त्यामुळे ‘७८ लाखांचा खेळाडू ४८ लाखांच्या खेळाडूपेक्षा दीडपट चांगला’ असं गणित कुणी मांडू नये.

आता ७८ लाखांचा हिशेब. ही रक्कम पर्सच्या साडेएकोणीस टक्के. उरले ३२२ लाख आणि उरलेले २३ खेळाडू, म्हणजे सरासरी बरोबर १४ लाख. एवढ्यात एक बरा परदेशी गोलकीपर आणि दोन जाणते मिडफिल्डर घेतले की शेवटच्या दहा जागा २ लाखांच्या पोरांनी भरायची वेळ येते. २४ चा संघ लागतो तो उगाच नाही. २०२४-२५ ची लीग २८ डिसेंबर ते १ फेब्रुवारी, जेमतेम पाच आठवड्यांत उरकली. एवढ्या दाटीत दोन-तीन जण पाय धरून बसणारच, आणि हॉकीत खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येत असल्यामुळे बाकावरचे खरोखर खेळतात.

ड्रॅगफ्लिकर महाग का, हे पेनल्टी कॉर्नरच्या, म्हणजे गोलसमोरच्या वर्तुळात बचावाने चूक केल्यावर मिळणाऱ्या संधीच्या रचनेतच आहे. बचावाला गोलकीपरसह फक्त पाच जण, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. पहिला फटका थेट मारला तर चेंडू गोलच्या फळीच्या उंचीखाली, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या आत असताना गोलरेषा ओलांडावा लागतो. फ्लिकला ती मर्यादा नाही. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. वरच्या कोपऱ्यात जोरात फ्लिक गेला की गोलकीपर फक्त बघतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरमनप्रीतचे १० गोल झाले, स्पर्धेत सर्वाधिक. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध २-१, दोन्ही गोल त्याचेच. अशा खेळाडूवर पैसे ओतावेसे वाटणारच.

पण फ्लिकर एकटा काही करत नाही. गोलखांबापासून १० मीटरवरच्या खुणेवरून चेंडू ढकलणारा, वर्तुळाबाहेर तो थांबवणारा आणि मग फ्लिकर, अशी तिघांची साखळी असते. ढकलणाऱ्याचा चेंडू उसळला किंवा थांबवणाऱ्याच्या स्टिकवरून हातभर सरकला की पहिला धावून येणारा बचावपटू अंगावर आलेलाच. घाईत मारलेला फ्लिक त्याच्या पायाला लागतो, नशीब असेल तर पुन्हा कॉर्नर. म्हणून लिलावात फ्लिकर घेतल्यावर त्याच्या राष्ट्रीय संघात किंवा खात्याच्या संघात चेंडू कोण ढकलतो आणि कोण थांबवतो ते बघा. ते दोघे स्वस्तात मिळाले तर ४८ लाखांचा फ्लिकर ७८ लाखांच्या तोडीचं काम करून जातो. शिवाय ड्रॅगफ्लिकचा ताण कमरेवर आणि पुढच्या पायाच्या गुडघ्यावर येतो. संघात दुसरा फ्लिकर नसेल तर एका पाठदुखीत तुमच्या पर्सचा जवळपास पाचवा हिस्सा बाकावर बसतो.

याचा पुरावा त्याच मोसमात मिळाला. जुगराज १२ गोल करून लीगमध्ये सर्वांत पुढे राहिला, म्हणजे गोलमागे ४ लाख. राउरकेलाच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि बंगाल टायगर्सनी हैदराबाद तुफान्सना ४-३ ने हरवलं. समोर पेइलाट होता, रिओ ऑलिम्पिकमध्ये ११ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला. त्यानेही त्या सामन्यात दोन मारले. म्हणजे ६८ लाख वाया गेले असं नाही, पण परदेशी आठ जागांतली एक त्याच्यावर खर्च झाली आणि गोलकीपरही परदेशीच हवा असेल तर हिशेब लगेच आखडतो. सूरमा अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही. त्याचं खापर हरमनप्रीतवर फोडणारे भाऊ भुसावळच्या चहाच्या टपरीवर भेटतील. त्यांना त्या संघाचा मधल्या फळीचा खेळ दाखवा.

मिडफिल्डरची किंमत ठरवणं सगळ्यांत अवघड, आणि वादही तिथेच जास्त. हार्दिकच्या नावापुढे गोल फार नाहीत, तरी २०२३ चा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू तोच. कारण गोलफलकावर दिसत नाही ते काम तो करतो: दोन जणांमधून चेंडू काढून २३ मीटरच्या रेषेपुढे नेणं, वर्तुळात पोचवणं, प्रतिस्पर्ध्याच्या पायाला लावून कॉर्नर मिळवणं. फ्लिकरला कॉर्नर मिळवून देणारा माणूस हाच. नुसते गोल मोजणाऱ्याला तो महाग वाटतो, इतकंच.

मग त्याला मोजायचं कसं? कागदावर चार रकाने पाडा: वर्तुळात नेलेले चेंडू, हिसकावलेले चेंडू, मिळवलेले कॉर्नर, आपल्या २३ मीटरच्या आत गमावलेले चेंडू. सामन्यात १५ मिनिटांचे चार भाग, प्रत्येक भागाला वेगळी ओळ. एकाने पाहून बोलायचं, दुसऱ्याने खूण करायची, कारण एकट्याला दोन्ही जमत नाही. एका सामन्यावर मत बनवू नका, तीन तरी घ्या, आणि त्यातला एक दमदार संघाविरुद्धचा असू द्या. शेवटच्या रकान्यातली एक खूण पहिल्या रकान्यातल्या दोन खुणांएवढी जड धरावी, असं आमचं मत. चौथ्या भागात हा रकाना भरू लागला की समजा खेळाडू दमतो. त्याला ७० लाख देऊ नका.

गोलकीपर स्वस्त का? त्याचं काम सोपं म्हणून मुळीच नाही. मैदानात एकच लागतो, त्यामुळे मागणी थोडी. आठ संघांनी आपापला पहिला गोलकीपर घेतला की बोली तिथेच थंड होते. खरं मूल्य मात्र स्पर्धेच्या आखणीवर ठरतं. साखळी सामन्यांत एखादा गोल जास्त खाल्ला तरी पुढे भरून निघतो. बाद फेरीत बरोबरी झाली की शूटआउट, २३ मीटरच्या रेषेवरून आठ सेकंद, समोर फक्त गोलकीपर. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत दहा जणांनिशी जवळपास तीन भाग खेळला, १-१ बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ ने जिंकला. गोलमध्ये श्रीजेश होता. त्या दिवशी त्याच्या जागी सरासरी माणूस असता तर हरमनप्रीतचे ते पुढचे गोल आलेच नसते.

पुरस्कारांवरून किंमत ठरवायची सवय असेल तर पुरस्कार कसा ठरतो ते आधी बघा. २०२१ मध्ये महासंघाच्या पुरस्कारांत राष्ट्रीय संघटनांच्या मतांना ५० टक्के, चाहते व खेळाडूंना २५ आणि माध्यमांना २५ टक्के वजन होतं. त्या वर्षी आठही पुरस्कार भारताकडे आले आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या बेल्जियमच्या हाती काहीच लागलं नाही. त्यांनी मतदानाच्या पद्धतीवर जाहीर नाराजी दाखवली. पुढे तज्ज्ञांच्या समितीला ४० टक्के आणि बाकी तिघांना २०-२० टक्के अशी वाटणी झाली. त्या नव्या पद्धतीतही हरमनप्रीत २०२२ आणि २०२४ ला सर्वोत्तम खेळाडू, श्रीजेश २०२२ आणि २०२४ ला सर्वोत्तम गोलकीपर, हार्दिक २०२३ ला सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यामुळे ‘आपल्याकडे मतदार जास्त म्हणून मिळालं’ हा टोमणा २०२१ ला लागू पडेल, नंतर फारसा नाही. आपल्या मनाचं सांगायचं तर २०२२ नंतरचे पुरस्कार निवडीत धरा, २०२१ चे अभिनंदनापुरते.

हॉकी इंडियाचे वार्षिक पुरस्कार जागेनुसार असतात, म्हणून तुलनेला जास्त कामाचे. आघाडीच्या खेळाडूचा पुरस्कार खडकीच्या धनराज पिल्लेच्या नावाने आहे. २०२४ साठी तो अभिषेकला मिळाला. खेलरत्न आणि अर्जुन मात्र लिलावात मोजू नका. ते काही वर्षांच्या एकूण कामगिरीवर मिळतात. गेल्या मोसमात माणूस कसा धावला हे त्यातून कळत नाही.

महिला लीगमध्ये पर्स २ कोटींची होती आणि संघ चारच. सर्वांत मोठी बोली उदिता दुहानची, ३२ लाख, म्हणजे पर्सच्या १६ टक्के. यिब्बी यान्सनला २९ लाख. संघ कमी असल्यामुळे दुसऱ्या फळीतल्या चांगल्या खेळाडू बऱ्याच उरतात. तिथे एकीवर उधळण्यापेक्षा थांबणं फायद्याचं.

करारांची तुलना क्रिकेटशी करू नका. पाच आठवड्यांच्या लीगचे पैसे हे वरकड. बहुतेकांचा बारमाही आधार म्हणजे नोकरी, मग ती रेल्वेतली असो, इंडियन ऑइलमधली, भारत पेट्रोलियममधली की पोलिसातली. भुसावळकरांना हे वेगळं सांगायला नको. खेळाडू खात्याची स्पर्धा सोडून तुमच्याकडे येणार नाही, हे गृहीत धरा.

लुटुपुटीच्या लिलावात आमचा कौल असा: ७५ लाखांच्या पुढच्या बोलीतून बाजूला व्हा, ४५ ते ५० लाखांत दुसऱ्या क्रमांकाचा भारतीय फ्लिकर घ्या, ६० पर्यंत मिळाला तर एक चालता मिडफिल्डर, आणि २५ ते ३० लाख गोलकीपरसाठी बाजूला काढून ठेवा. एक अपवाद. २०१६ च्या लीगमध्ये मैदानी, म्हणजे चालू खेळात झालेला एक गोल दोन गोलांएवढा धरला होता. तुमच्या गटाने तो नियम ठेवला तर फ्लिकरचा भाव निम्मा करा आणि आघाडीच्या फळीकडे वळा.

गावातल्या स्पर्धेचं गणित अगदी उलटं. मुरमाच्या मैदानावर ड्रॅगफ्लिकला अर्थ राहत नाही. ढकललेला चेंडू टप्पे घेत येतो, थांबवणाऱ्याच्या स्टिकवरून उडतो आणि फ्लिकसाठी चेंडू स्टिकवर ओढत नेताना एखादा खडा आला की तो निसटतो. तिथे सरळ फटका मारणारा चालतो, पण तो ४६० मिलिमीटरच्या वर गेला की गोल रद्द आणि पंचांशी हुज्जत सुरू. पाच-पाच जणांची हॉकी असेल तर त्यात पेनल्टी कॉर्नरच नसतो. फ्लिकरला बोलावणं म्हणजे निव्वळ भाडं वाया. बाद पद्धतीच्या स्पर्धेत आधी गोलकीपर आणा, मग मिडफिल्डर. गोलकीपर स्वतःचं किट घेऊन येणारा हवा: हेल्मेट, छातीचं कवच, पॅड, किकर, दोन्ही हातांचे ग्लोव्ह्ज, ॲब्डॉमिनल गार्ड. नवीन किटचा खर्च पाच आकडी असतो आणि मुरमावर घसरून पॅड खराब होतात, तेव्हा ते कोण भरून देणार हे आधीच बोला.

बरोबरी झाल्यावर शूटआउट घेणार की ६.४० मीटरवरून पेनल्टी स्ट्रोक, हे आयोजकांकडून लेखी घ्या. स्ट्रोकमध्ये चेंडू मारला जाईपर्यंत गोलकीपरला रेषा सोडता येत नाही. पुढे येऊन कोन बंद करणारा उंच गोलकीपर तिथे अर्धाच उपयोगी पडतो, रेषेवर चपळ असणारा लागतो.

बोलावलेल्या खेळाडूशी एक पानाचा कागद करून ठेवा. किती सामने, येण्याजाण्याचं भाडं, मुक्काम, जेवण, मानधनाचा अर्धा भाग पहिल्या सामन्याआधी, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि संघ पहिल्याच फेरीत बाद झाला तर उरलेल्या पैशांचं काय. शेवटच्या दोन ओळी नसल्या की भांडण ठरलेलं. खेळाडू नोकरीत असेल तर खात्याची परवानगी मिळाल्याची प्रत सोबत जोडा. ती नसेल तर प्रतिस्पर्धी संघ ऐन उपांत्य फेरीत हरकत घेतो.