नेटप्लॅन की एनएमसीएलआय? लांबच्या सर्व्हरच्या नेटवर्कला हात लावण्याआधी

तुम्ही पुण्यात, सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्याचा आयपी पत्ता बदलायचाय. ज्या एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीने) आत शिरलात, तीच वाट उखडायची आहे. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या गोष्टीला आपण लहानपणी हसलो, पण या धंद्यात तो प्रयोग बहुतेकांनी एकदा तरी करून पाहिलेला असतो. म्हणून लिनक्स सर्व्हरचं नेटवर्क कमांड लाइनवरून कॉन्फिगर करायची नेटप्लॅन, एनएमसीएलआय यांसारखी साधनं तोलताना माझा पहिला प्रश्न असतो, चुकलो तर हे मला परत आत घेईल का? कमांड किती सोपी, फाइल किती देखणी, ते नंतर.

सगळीकडे सापडणारी म्हणजे साधी 'आयपी' कमांड. जुन्या आयएफकॉन्फिग कमांडची सवय असलेल्यांना ती सुरुवातीला परकी वाटते, पण रेड हॅट ७ च्या (कंपन्यांत चालणाऱ्या लिनक्सची २०१४ मधली आवृत्ती) मिनिमल इन्स्टॉलमध्ये आयएफकॉन्फिग नसतंच. म्हणजे २०१४ पासून ही शिकवणी चुकलेली नाही. आयपी कमांड थेट कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बोलते, डिस्कवर काही लिहीत नाही. रीबूट झाला की सगळं विसरते. कायमच्या कामाला ती निरुपयोगी, पण तिचा हा विसराळूपणाच कामाला येतो. आधी 'शटडाउन -आर +१०' देऊन ठेवायचं आणि मग प्रयोग करायचा. जमलं तर 'शटडाउन -सी'ने रीबूट रद्द. नाही जमलं तर दहा मिनिटांनी सर्व्हर जुन्या पत्त्यावर हजर. (फक्त मोठा सर्व्हर नुसता उठायलाच बरीच मिनिटं खातो, आणि वर डेटाबेस चालू असेल तर हा उपाय रोगापेक्षा जड.)

त्याहून बरी रीत म्हणजे जुना पत्ता काढायचाच नाही. त्याच नेटवर्क कार्डावर नवा पत्ता शेजारी जोडायचा, नव्यावरून लॉगिन करून बघायचं आणि मगच जुना काढायचा. दोन्ही पत्ते एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच पट्ट्यातले) असतील तर मात्र जपून. 'प्रमोट सेकंडरीज' हे कर्नल सेटिंग बंद असेल, तर पहिला पत्ता काढताच दुसराही त्याच्याबरोबर जातो.

कायमस्वरूपी कामासाठी खरी निवड नेटप्लॅन आणि एनएमसीएलआय या दोघांतच आहे.

नेटप्लॅन उबुंटू लिनक्सने २०१७ मध्ये १७.१० आवृत्तीपासून डीफॉल्ट केलं आणि १८.०४ आल्यावर सर्व्हरवाल्यांना ते शिकावंच लागलं. नेटप्लॅन स्वतः कार्डाला हात लावत नाही, तो दुभाषा आहे. ईटीसी-नेटप्लॅन फोल्डरमधली यॅमल (साध्या मजकुरात सेटिंग लिहायची पद्धत) फाइल वाचायची आणि कार्ड प्रत्यक्ष चालवणाऱ्या सिस्टमडी-नेटवर्कडीला किंवा नेटवर्कमॅनेजरला समजेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळं कॉन्फिगरेशन एका नजरेत दिसतं, गिटमध्ये (फाइलींचा इतिहास राखणाऱ्या साधनात) ठेवता येतं, काल आणि आज यातला फरक काढता येतो. यॅमलची कटकट आहेच. टॅब चालत नाही, एक स्पेस इकडची तिकडे झाली तर अर्थ बदलतो, आणि रात्री दोन वाजता स्पेस मोजत बसण्यासारखी शिक्षा नाही.

पण 'नेटप्लॅन ट्राय' या एका कमांडसाठी मी त्याला बरंच माफ करतो. ती बदल लागू करते आणि १२० सेकंद मोजते. तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन परत आणते. आयपी बदलताना चालू एसएसएच गोठणार, मग एंटर दाबणार कसं? त्यासाठी ही कमांड टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी सेशन जिवंत ठेवणाऱ्या साधनात) चालवायची, नव्या पत्त्यावरून आत यायचं, तेच सेशन जोडून घ्यायचं आणि एंटर दाबायचं. दोन मिनिटं पुरतात, फक्त नवा पत्ता दुसऱ्या खिडकीत आधीच टाइप करून ठेवलेला हवा.

नेटप्लॅनचा खड्डा वेगळ्या जागी आहे. फोल्डरमधल्या सगळ्या यॅमल फाइली नावाच्या क्रमाने वाचून तो त्यांची गोळाबेरीज करतो. एकेरी मूल्य असेल तर नंतरच्या फाइलचं चालतं, पण यादी असेल तर दोन्ही याद्या जोडल्या जातात. पत्ते ही यादीच. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर मी जुन्या फाइलला धक्का न लावता '९९'ने सुरू होणारी नवी फाइल टाकली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. कार्डाने दोन्ही पत्ते धरून ठेवले. जुना पत्ता तोवर दुसऱ्या मशीनला दिला गेला होता. दुपारभर दोन्ही मशीन आलटून पालटून गायब होत होती आणि मी स्विचला शिव्या घालत होतो.

व्हर्च्युअल मशीनवर आणखी एक पाहुणा असतो, मशीन उठताना तिची सेटिंग आपोआप लिहिणारा क्लाउड-इनिट. फाइलच्या नावात '५०-क्लाउड-इनिट' दिसलं तर त्यात हाताने केलेला बदल टिकेल असं धरून चालू नका. आधी क्लाउड-इनिटचं नेटवर्क कॉन्फिगरेशन बंद करा.

आता एनएमसीएलआय, म्हणजे नेटवर्कमॅनेजर चालवायची कमांड. नेटवर्कमॅनेजरचं काम रेड हॅटमध्ये २००४ मध्ये सुरू झालं ते लॅपटॉपच्या सोयीसाठी. त्यामुळे सर्व्हरवाले वर्षानुवर्षं इन्स्टॉल झाल्या झाल्या ते उडवून टाकायचे. ते दिवस गेले. रेड हॅट ९ मध्ये जुनी नेटवर्क स्क्रिप्टची व्यवस्था काढूनच टाकली आहे, त्यामुळे त्यावर बेतलेल्या रॉकी आणि आल्मा लिनक्सवरही तीच स्थिती.

नवख्याला इथे अडतं ते डिव्हाइस आणि कनेक्शन या फरकावर. डिव्हाइस म्हणजे खरं कार्ड, कनेक्शन म्हणजे त्या कार्डाने घालायचे कपडे. एका कार्डासाठी चार कनेक्शन असू शकतात, अंगावर मात्र एका वेळी एकच. 'कनेक्शन मॉडिफाय' दिल्यावर बदल लगेच डिस्कवर लिहिला जातो, पण चालू कार्डाला 'कनेक्शन अप' देईपर्यंत त्याची खबरच नसते. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात धोकादायक गुण आहे. दुपारी बदल केला, अप द्यायचं राहून गेलं, आणि चार महिन्यांनी कुणीतरी पॅच टाकून रीबूट केला की सर्व्हर भलत्याच पत्त्यावर उठतो. तेव्हा दोष पॅचला जातो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पत्ता दिला, पण मेथड मॅन्युअल केली नाही. मग हाताने दिलेला स्टॅटिक आणि नेटवर्कने आपोआप वाटलेला डीएचसीपी असे दोन्ही पत्ते गुण्यागोविंदाने नांदतात.

नेटप्लॅन ट्रायसारखी एका झटक्याची सोय रोजच्या मॉडिफाय-अपच्या वाटेवर नाही. तिथे मी 'मॉडिफाय'ला 'टेम्पररी' हा पर्याय जोडतो. बदल फक्त मेमरीत राहतो आणि वर सांगितलेला दहा मिनिटांचा रीबूट पुन्हा कामाला येतो. यॅमल आवडत असेल तर रेड हॅटच्या दुनियेत एनएमस्टेट हे साधन आहे. ते बदल लावून ठरावीक वेळात पक्का न केल्यास मागे घेऊ शकतं.

टाइप करायला मात्र एनएमसीएलआय जास्त सुखाचं. टॅब दाबत गेलं की पुढचा शब्द तो सुचवतो, स्पेस मोजायच्या नसतात, चुकीचं मूल्य तिथल्या तिथे नाकारतो. एकट्या सर्व्हरवर मी हेच पसंत करतो. वीस सर्व्हर झाले की चित्र उलटतं. 'कनेक्शन ॲड' असलेली स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तर एकाच नावाची दोन कनेक्शन तयार होतात. यॅमल फाइल मात्र दहा वेळा कॉपी केली तरी एकच राहते.

दोन पोर्ट बांधून त्यांचा एकच जोड, म्हणजे बाँड, करायचा असेल तर? एनएमसीएलआयमध्ये बाँडचं एक कनेक्शन आणि प्रत्येक पोर्टचं एकेक, म्हणजे तीन कमांड. नेटप्लॅनमध्ये तेच एका फाइलमध्ये दहा-बारा ओळींत मावतं आणि सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. पण नेमकं इथेच 'ट्राय' हात टेकतं. बाँड आणि ब्रिजचे (सर्व्हरमधल्या आभासी स्विचचे) खास पॅरामीटर त्याला मागे फिरवता येत नाहीत, तसं ते स्वतःच सांगतं आणि थेट 'अप्लाय' करा म्हणतं. कोणता पोर्ट कोणता हे नावावरून ताडू नका. 'ईथटूल -पी' दिलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो, तो फोनवर बोलणाऱ्या तिथल्या माणसाला बघायला सांगा.

डेबियन लिनक्सची जुनी इंटरफेसेस फाइल अजून चालते आणि बिघडलेली नसेल तर बदलायचं कारण नाही.

तर ठरवायचं कसं? आवडीनिवडीवर नको. उबुंटू सर्व्हर असेल तर नेटप्लॅन, रेड हॅटच्या घराण्यातला असेल तर एनएमसीएलआय, आणि एकाच कार्डावर दोघांना नांदवू नका. उबुंटूवर नेटवर्कमॅनेजर घालून एनएमसीएलआय वापरता येतं. मी ते वर्षभर केलं, पण पुढे सर्व्हर सांभाळायला आलेल्याने नेटप्लॅनची फाइल उघडली आणि ती वेगळंच सांगत होती.

कुठलंही निवडा, पहिली कमांड देण्याआधी सर्व्हरच्या रिमोट कन्सोलवर (त्याचा स्क्रीन-कीबोर्ड दुरून देणाऱ्या वेगळ्या वाटेवर) एकदा लॉगिन करून बघा. कन्सोल आहे एवढं पुरत नाही. माझ्याकडे होता, त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे होता.