डोसिंग पंप, आठ महिन्यांनंतर: हा मिली मोजत नाही, फेरे मोजतो

डोसिंग पंप म्हणजे माशांच्या टाकीत द्रावणं ठरल्या वेळी आपोआप सोडणारं यंत्र. त्याच्याबद्दल सहाव्या महिन्यात लिहायला बसले असते तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. आता आठवा चालू आहे आणि मत बदललंय.

टाकी खाऱ्या पाण्याची, २०० लिटरची, त्यात बहुतेक मॉन्टिपोरा आणि अ‍ॅक्रोपोरा ही कोरल, म्हणजे प्रवाळ. द्रावणं घरीच करते: एका डब्यात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात ओव्हनमध्ये भाजलेला खायचा सोडा. दोन्ही रोज २०-२० मिली. पंप ते २४ हप्त्यांत सोडतो, आधी कॅल्शियम आणि अर्ध्या तासाने सोडा, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून पाणी पांढरं होत नाही. हाताने घालायचे तेव्हा एक दिवस विसरला की अल्कलिनिटी (सोड्यामुळे टिकणारा पाण्याचा आम्लविरोध, डीकेएचमध्ये मोजतात) अर्धा डीकेएच खाली. पंप आल्यापासून ती ८.३ च्या आसपास, कॅल्शियम ४३० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). रात्री शेजारी झोपलं तरी आवाज नाही. हे सगळं आजही खरं आहे.

सातव्या महिन्यात कॅल्शियम ३८५ आलं. अल्कलिनिटी ८.२.

हे जुळेना. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा दोन्ही ठरलेल्या प्रमाणात उचलतात, एका डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम. एक जागच्या जागी आणि दुसरं ४५ ने खाली, असं कसं? म्हणून आधी कॅल्शियम मोजायच्या किटवर संशय घेतला. नवीन किट आणलं, तरी नमुन्याचा रंग गुलाबीचा निळा व्हायला तितकेच थेंब. पाण्याचा खारेपणा ३५, मॅग्नेशियम १३२०, दोन्ही ठीक. शेवटी पंपाच्या कॅल्शियमच्या नळीचं टोक मोजपात्रात धरलं आणि २० मिली सोडायला सांगितलं. स्क्रीनवर २०. पात्रात १४.

म्हणजे स्क्रीनवरचा आकडा मोजलेला नसतोच! पंप नळी दाबत फिरणाऱ्या रोलरचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात इतके मिली असं धरून चालतो. नळी दमली की प्रत्येक फेऱ्यात कमी जातं, आकडा मात्र तोच. रोज ६ मिली कमी म्हणजे माझ्या टाकीत रोज १.१ पीपीएमची तूट. चाळीस दिवसांत ४४. हिशोब चोख लागला. अल्कलिनिटी दर आठवड्याला मोजते, पण कॅल्शियमचा साठा मोठा, दिवसाला एक टक्काही हलत नाही, म्हणून ते महिन्या-दीड महिन्याने बघायचे. नेमकं तेच हेड (पंपाचा त्या द्रावणाचा नळी-रोलरचा भाग) घसरलं.

३८५ ला कोरल मरत नाहीत. माझेही धडधाकट होते. तीन दिवस रोज ८० मिली कॅल्शियमचं द्रावण जादा घालून परत वर आणलं. राग आला तो कस्टमर केअरचा. मोजपात्राचा व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "मॅडम, तुमचं द्रावण घट्ट असेल." मग म्हणाले कॅलिब्रेशन करा. केलं. बारा दिवसांत २० चे परत १७. मग म्हणे आख्खं हेड बदला. वीतभर नळीसाठी आख्खं हेड! मोटर उत्तम, रोलर उत्तम. उघडून बघितलं तर नळी रोलरखाली चपटी झालेली, चिमटीत धरून सोडली तरी गोल होत नव्हती. त्याच आतल्या व्यासाची, डोसिंग पंपासाठीचीच नळी सुटी मिळाली, हेडच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशात. बसवली, कॅलिब्रेट केलं. पाच आठवडे झाले, २० चे २०.

हे लिहायला घेतलं तेव्हा "घेऊ नका" असाच मथळा टाकणार होते. पण त्या पाच आठवड्यांत कॅल्शियम ४२५ ते ४३० च्या बाहेर गेलेलं नाही आणि मॉन्टिपोराच्या कडेची वाढीची पांढरी रेघ परत रुंद दिसतेय. मग घेऊ नका कसं म्हणू? घ्या, पण सोबत २५ मिलीचं मोजपात्र घ्या आणि महिन्यातून एकदा दोन्ही हेड त्यात सोडून बघा. कॅल्शियमही निदान पंधरा दिवसांनी मोजा. सोड्याच्या नळीच्या टोकाला खडा धरतो, तो पुसून टाकला की झालं, त्याची तक्रार नाही.

तीन स्टार. कंपनी नळी सुटी विकायला लागली की चौथा देईन.