‘अर्जी’ला परवाना समजलो आणि सागवान घालवून बसलो

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची दोन एकर जमीन. बांधावर वडिलांनी लावलेला साग. घराचं छप्पर बदलायचं होतं, म्हणून त्यातली अकरा झाडं विकायला काढली. एक लाकूड व्यापारी आला. दोरीनं एकेका झाडाची गोलाई घेतली, तंबाखू मळत हिशोब केला आणि म्हणाला, "परवानगीची काळजी सोडा मामा, फॉरेस्ट ऑफिसात माझी रोजची ऊठबस." मला वीस हजार ॲडव्हान्स दिला आणि त्यातलेच बारा हजार ‘ऑफिसखर्च’ म्हणून परत घेतले. हातात राहिले आठ. बाकीचे माल उचलल्यावर.

आठवड्यानं कागद घेऊन आला. सगळा कन्नडमध्ये, खाली गोल शिक्का आणि सही. कन्नड मी बोलतो, बाजारात भाव करण्यापुरतं. वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर लावत बसावं लागतं, आणि त्याच्यासमोर तसं बसायची लाज वाटली. "परवाना आहे, जपून ठेवा," म्हणाला. मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवला.

दोन दिवसांत कटर मशीन आलं. अकरा साग आडवे झाले आणि त्याच झपाट्यात रस्त्याकडेचं जांभूळही. ते माझं नाही म्हटलं, तर म्हणतो, "तुमच्या बांधाला लागूनच आहे की, सावली तुमच्याच पिकावर पडते." मी गप्प बसलो. ती चूक माझीच. ओंडके रात्री साडेदहाला टेम्पोत भरले. दिवसा का नाही, हेही विचारलं नाही.

टेम्पो त्याच रात्री नाक्यावर अडकला. दुसऱ्या दिवशी फॉरेस्ट गार्ड शेतात हजर. बुंध्यापाशी उकिडवा बसला, हातानं भुसा बाजूला केला आणि विचारलं, "हातोड्याचा शिक्का कुठाय?" मला शिक्का म्हणजे कागदावरचा तेवढाच ठाऊक; खातं हातोड्यानं लाकडावर खूण उठवतं, तो हा शिक्का. घरी पळत जाऊन पिशवी आणली. मुलगी नुकतीच शाळेतून आली होती, तीही मागोमाग आली. सातवीला आहे, मराठी शाळेतच, पण कन्नड विषय असतो. तिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "अर्जी. बाबा, हा तर अर्ज आहे. आणि शिक्क्यात स्वीकरिसलागिदे आहे, म्हणजे मिळाला." बारा हजार देऊन मिळाली ती नुसती अर्जाची पोच होती.

मग रेंज ऑफिसला हेलपाटे घालताना जे समजलं, ते आधी समजायला हवं होतं. आपल्याकडे 1976 चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा चालतो. झाड आपल्या जमिनीत असलं तरी साग, शिसवीसारख्याला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हा अधिकारी वनखात्याचा. पंचायतीचं ना-हरकत पत्र म्हणजे ती परवानगी नव्हे. अर्जाबरोबर उतारा द्यायचा, झाडं कुठं आणि किती ते दाखवायचं. मग खात्याचा माणूस येऊन झाडं बघतो. परवानगी मिळाली तर बदल्यात नवी झाडं लावायची अटही येते. एवढ्यावरही भागत नाही: तोडलेलं लाकूड रस्त्यावर आणायला वेगळा वाहतूक पास लागतो. नारळ, नीलगिरी, सुरू, सुबाभूळ यांना खेड्यात तोडायची परवानगी लागत नाही, म्हणून शेजारी नीलगिरी बिनधास्त पाडतो आणि आपल्याला वाटतं सगळंच चालतं. रस्त्याकडेचं झाड तर आपलं नसतंच, फांदी आपल्या कौलांवर आली तरी.

लाकूड जप्त झालं. गुन्हा जमीनमालकाच्या, म्हणजे माझ्या नावावर; जांभळाचा वेगळा. व्यापाऱ्याचा फोन बंद. खात्यातले लोक मात्र नीट बोलले, हे सांगायला हवं. एकानं तर माझ्या पोचीवरचा अर्ज रजिस्टरात शोधून दाखवला. खरोखरच दिलेला होता, पण तीन झाडांचा, आणि सर्व्हे नंबर भलत्याचाच.

शेवटी पोलिसांत गेलो. तक्रार लिहून घेताना हवालदारांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं. गाव विचारलं. मी महिनाभर त्याला चहा पाजत होतो आणि ‘शेठ’ म्हणत होतो.